आपल्या माणसाची गाडी

जबलपुरात नवी गाडी घेतलेल्या माणसाला, तू जाणार कुठं, असं कोणी विचारत नाही. "कितना देती है?" एवढंच विचारतात. पेट्रोल पंपावर विचारतात, भाजीच्या ठेल्यापाशी विचारतात, मयतीला जमलेल्या गर्दीतही हळूच विचारतात. ज्याला विचारलं तो खोटं सांगतो. ज्यानं विचारलं त्यालाही ते खोटं आहे हे माहीत असतं, कारण घरी त्याच्याकडेही एक गाडी असते आणि तिच्याबद्दल तोही खोटं सांगत असतो. तरी दोघं मान डोलावतात. मला या मान डोलावण्याची किळस येते.

आमची सेडान लिटरमागे अकरा किलोमीटर चालायची. बाबा अठरा सांगायचे.

दुसऱ्या कोणाच्या बापानं सांगितलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण माझ्या बाबांना कारखान्यात सगळे 'पर्चेवाले' म्हणायचे. आजोबा विदर्भातून इथल्या कारखान्यात कामाला आले, बाबाही त्याच कारखान्यात लागले, आणि पगाराची नोकरी सांभाळून त्यांनी आयुष्यभर पत्रकं काढली. गोहलपुरातल्या एका लहानशा छापखान्यात ती छापली जायची. मी कागदाच्या गठ्ठ्यावर बसून ओली प्रुफं वाचायची. अक्षरओळख माझी तिथंच झाली. ताईत बांधू नका. न वाचता सही करू नका. साहेब म्हणतो म्हणून खरं मानू नका, स्वतः तपासा. शाळेत बाकीची मुलं कविता पाठ करत होती तेव्हा मला ही वाक्यं पाठ होती. आमच्या घराच्या दाराला कधी लिंबू-मिरची लागली नाही. गाडी आली तेव्हा शोरूमच्या माणसानं नारळ पुढं केला, बाबांनी तो त्याच्याच टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ये तुम रखो, चटनी बना लेना."

सेडानच का, हेही सांगते. कारखान्याच्या गेटातून अधिकारी ज्या गाड्यांतून आत जायचे त्या सगळ्या डिक्कीवाल्या होत्या. बाबा सायकल धरून त्या गेटाच्या बाजूला उभे राहून त्यांना वाट द्यायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी ठरवलं, घेतली तर डिक्कीवालीच. कारखान्यातल्या त्यांच्या जोडीदारानं तेव्हा म्हटलं होतं, "बिनडिक्कीची गाडी म्हणजे शेपटी कापलेलं कुत्रं." मला त्या हट्टात काही गैर वाटलं नाही. आजही वाटत नाही.

आमच्या वस्तीत रीत आहे, नवी गाडी आधी बुद्धविहारात आणायची आणि म्हाताऱ्या माणसांना एकेक चक्कर मारायची. गाडी ऑटोमॅटिक होती, क्लच नाही, गिअर आपोआप पडतो. पहिल्या चक्करला वस्तीतली सगळ्यात वयस्कर आजी पुढं बसली. गाडी निघाली, पहिल्यावरून दुसरा गिअर पडला आणि असा हिसका बसला की आजीचा पदर डोक्यावरून खाली आला.

"काय रे, घोडं आणलं का हे?" आजी म्हणाली.

सगळे हसले. बाबाही हसले, पण थोडं उशिरा.

पुढचे महिने त्या गाडीनं आम्हाला एकेक गोष्ट शिकवली. गोहलपुरच्या गर्दीत हळू चाललं की ती उचक्या द्यायची. खालून इतकी बुटकी की कॉलनीच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकाला पोट घासायची. मग त्याच्या आधी गाडी थांबवून मागच्यांनी उतरायचं, गाडी पलीकडे गेली की पुन्हा बसायचं. आई नेसती साडी सावरत रोज उतरायची आणि म्हणायची, "यापेक्षा सायकल रिक्षा बरी होती. तिच्यातून चढावावर तरी उतरत होतो, इथं सपाटावर उतरून राहिलो." पण खरी खोड वेगळी होती. ऊन तापलं, एसी लावला, आणि पुढच्या वाहनाला मागं टाकायला जोरात पेडल दाबलं की गाडी थबकायची. बंद पडायची नाही. नुसती थबकायची, इंजिन ओरडायचं आणि चाकं पुढं ओढायची नाहीत. मग एकदम झेप. त्या थबकण्यात आपण रस्त्याच्या चुकीच्या बाजूला असतो.

पेट्रोलचं गणित मी तपासलं. टाकी तोंडापर्यंत भरली, शहपुऱ्याला जाऊन आले, त्याच पंपावर पुन्हा तोंडापर्यंत भरली. अकरा. गाडीतला स्क्रीन मात्र अठरा दाखवत होता.

"पंपवाला चोर आहे," बाबा म्हणाले.

"दुसऱ्या पंपावर करून पाहू."

"तेही चोरच. मशीन काहून खोटं बोलेल? मशीनला काय फायदा?"

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. ज्या माणसानं मला साहेबाचं ऐकू नको म्हणून शिकवलं, तो साहेबानं बनवलेल्या काचेवरचा आकडा मानत होता. देव मानला नाही, बुवा मानला नाही, आणि स्क्रीनपुढं हात जोडले. आमच्यासारख्या घरांतच ही चूक होते. यंत्र म्हणजे विज्ञान, विज्ञान म्हणजे खरं, असं आम्ही इतकं घोकलंय की यंत्र कोणीतरी विकायला बनवलेलं असतं हे विसरून जातो.

सर्व्हिस सेंटरला मी सोबत गेले. काचेचं दालन, फुकट कॉफी, टाय लावलेला मुलगा. त्यानं कॉम्प्युटरवर बाबांचं आडनाव वाचलं, मग बाबांकडे पाहिलं, मग पुन्हा स्क्रीनकडे. असं पाहणं आम्हाला नवं नाही.

"अंकल, पहली गाड़ी है?"

"जी."

"तभी. गाड़ी में कुछ नहीं है. ड्राइविंग हैबिट का इश्यू है. धीरे-धीरे हाथ बैठ जाएगा."

मी म्हटलं, "भैया, हाथ चालीस साल से मशीन पे ही बैठा है. आप साथ चलिए, एसी लगाके ओवरटेक करके दिखाते हैं."

तो हसला. "दीदी, सबकी ऐसी ही है."

"सबकी ऐसी है तो लिखके दीजिए."

"लिखके तो कंपनी देगी."

बाबांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "चल." कारखान्यात फोरमनच्या टेबलावर पत्रक आपटणारा माणूस त्या टायपुढं दोनदा 'जी' म्हणाला. बाहेर पडताना त्यांनी कॉफीचा कप नीट कचऱ्याच्या डब्यात टाकला. मला तो कप फरशीवर फेकावासा वाटत होता.

शहरात या गाडीच्या मालकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. रविवारी सकाळी हे लोक भेडाघाटच्या रस्त्यावर एका चहावाल्यापाशी जमायचे, गाड्या ओळीनं लावायचे, फोटो काढायचे. बाबा मला दोनदा घेऊन गेले. ग्रुपमध्ये सगळ्यांची गाडी 'मक्खन' होती. पण चहा पिताना माणसं दोघं-दोघं बाजूला जायची आणि आवाज खाली आणून बोलायची. तुमची पण झटका देते का? एसीत दम तोडते का? हो यार. माझी तर परवा ट्रकच्या बगलेत अडकली. मग दोघं परत घोळक्यात यायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, सेडान की बात ही अलग है.

मी बाबांच्या फोनवरून ग्रुपमध्ये लिहिलं: ज्यांची गाडी ओव्हरटेक करताना थबकते त्यांनी सगळ्यांनी मिळून कंपनीला एक पत्र देऊ या. पत्रक लिहायची मला सवय आहे, मसुदा मी करते.

ग्रुप चालवणारे सराफ काका होते. त्यांचा लगेच फोन आला, गोड आवाजात. "बिटिया, जोश अच्छा है, लेकिन ये डिलीट कर दो. सबको कभी न कभी बेचनी है. बात फैल गई तो रेट गिर जाएगा, तुम्हारे पापा का भी."

मी नाही म्हटलं. बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि मेसेज स्वतः पुसला.

इतकी माणसं एकाच खड्ड्यात पडलेली, आणि खड्ड्यावर पाटी लावू देत नाहीत, कारण अजून कोणीतरी त्यात पडायचं बाकी आहे. कारखान्यात ठेकेदार जेव्हा मजुरांना फोडायचा तेव्हा त्याला काहीतरी द्यावं तरी लागायचं. इथं कंपनीला काहीच द्यावं लागलं नाही. मालक आपणहून तिचे राखणदार झाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाबांनी गाडी विकायची ठरवलं. आणि गिऱ्हाईक विहारातच मिळालं.

ती बँकेत अधिकारी होती, कोल्हापूरकडची, बदली होऊन नुकतीच आलेली. राहायला विजय नगर, शाखा शहपुऱ्याला. रोज त्या ट्रकांच्या रस्त्यानं जायचं आणि यायचं, एकटीनं. रविवारी वंदनेला यायची. आमचं 'काहून' आणि 'करून राहिलो' ऐकून तिला हसू यायचं, पण चांगलं हसू. "काकू, तुमची मराठी ऐकली की गावी आल्यासारखं वाटत नाही, पण घरी आल्यासारखं वाटतं," ती आईला म्हणाली होती. आईला ती फार आवडली. डीलरकडे फसवतात म्हणून तिला ओळखीतून गाडी हवी होती. विहारातल्या सगळ्यांनी तिला एकच सांगितलं, आपल्या माणसाची गाडी घे, पर्चेवाल्यांची घे, तो माणूस खोटं बोलत नाही.

ती गाडी बघायला येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी बाबा एकटेच गाडी घेऊन निघाले. मी मागून स्कूटीवर गेले, कारण मला त्यांचा चेहरा ओळखता येतो. छावणीच्या बाजूला जो सरळ, सपाट, रिकामा रस्ता आहे तिथं त्यांनी गाडी थांबवली, बटण दाबून स्क्रीनवरचा आकडा शून्य केला आणि मग एसी बंद करून, पेडलला पायाचा अंगठा लावल्यासारखं करून, बैलगाडीच्या चालीनं त्या रस्त्याच्या टोकापर्यंत नेली. परत आणली. पुन्हा नेली. मी खिडकीशी गेले तेव्हा स्क्रीनवर वीसच्या वर आकडा होता.

"बाबा, काय करून राहिले तुम्ही?"

"गाडी पाहून राहिलो."

"तिला सांगणार ना? थबकते म्हणून?"

"विचारलं तर सांगीन."

"आणि नाही विचारलं तर?"

त्यांनी काच वर करायला बटणावर बोट ठेवलं, पण केली नाही. "मला कोणी सांगितलं होतं का?" ते म्हणाले.

हे एक वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. सासूनं छळलं म्हणून सुनेला छळणारी सासू हेच म्हणते. लाच देऊन लागलेला बाबू हेच म्हणतो. त्या प्रत्येकाविरुद्ध बाबांनी पत्रक काढलं होतं.

ती सकाळी लवकर आली. सकाळची वेळ बाबांनीच दिली होती. ऊन तापायच्या आत गाडी शहाण्यासारखी वागायची. ती चालवायला बसली, बाबा तिच्या शेजारी, मी आणि आई मागं. गतिरोधकापाशी बाबांनी मागं न पाहता हात हलवला आणि आम्ही दोघी गुपचूप उतरलो. तिला वाटलं आम्ही काहीतरी विसरलो. पलीकडे गेल्यावर पुन्हा मागं बसलो.

"काका, किती देते हो?"

"अठरा. हायवेला वीस. हे काय, समोरच आहे," बाबांनी स्क्रीन दाखवला.

"मस्तच की."

मी म्हटलं, "ताई, आता नका ठरवू. दुपारी या. एसी लावा, शहपुऱ्याच्या रस्त्याला घ्या आणि एखाद्या ट्रकला ओव्हरटेक करून पाहा."

ती आरशातून माझ्याकडे बघून हसली. "अगं, आपल्या माणसाकडून घेताना एवढं काय तपासायचं?"

बाबांची मान मला मागून दिसत होती. ती हलली नाही. मी मग सगळं सांगितलं. अकरा देते, उन्हात थबकते, सर्व्हिस सेंटरवाले हात वर करतात, ग्रुपमधल्या सगळ्यांची अशीच आहे.

तिनं गाडी बाजूला घेतली. "काका? खरं का हे?"

बाबा तिच्याकडे वळले आणि हसले. ते हसू मी त्या टायवाल्या मुलाच्या तोंडावर पाहिलं होतं. "तिचा हात बसला नाही अजून. चालवायची सवय असते ना एकेकाची. माझ्या हातात तर मक्खन चालते."

मी काच खाली केली. तिनं माझ्याकडे समजूतदारपणे पाहिलं. लहान बहिणीकडे पाहावं तसं. तिनं कोणावर विश्वास ठेवायचा ते ठरवलं होतं, आणि तिच्या जागी मी असते तर मीही पर्चेवाल्यावरच ठेवला असता.

तेव्हा आई बोलली. आई सहसा चारचौघांत बोलत नाही.

"पोरी, मले चालवता येत नाही. म्हणून माह्या हाताचा दोष कोणी काढू शकत नाही. मी मांगे बसतो, तर मी सांगतो. गेल्या मे महिन्यात शहपुऱ्याच्या लग्नातून येत होतो. पुलाचं काम सुरू होतं, एकाच बाजूनं जाणं-येणं. यायनं ट्रकच्या बाहेर काढली आन् गाडी जागच्या जागी. समोरून दुसरा ट्रक. त्या डायवरनं शेतात घातला म्हणून वाचलो. मुगाचं शेत होतं. यायले उतरताच येईना. मले म्हणे, कोणाले सांगू नको. मी नाही सांगितलं. आज सांगतो. नको घेऊ."

मला हे माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की गाडी थबकते.

बाबा दार उघडून उतरले आणि घराच्या दिशेनं चालू लागले. गाडी तिनंच आमच्या दारापर्यंत आणून लावली, किल्ली आईच्या हातात दिली, आईला वाकून नमस्कार केला आणि चहा न घेता गेली. बाबा घरी आल्यावर मी भांडणाच्या तयारीत होते. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "रिटायरमेंटला मी उल्लू बनलो, हे आता वस्तीला कळेल." मी म्हटलं, "वस्तीला कळलंच पाहिजे, म्हणजे दुसरा बनणार नाही." ते म्हणाले, "तुला पत्रकातलं बोलणं सोपं आहे." मी म्हटलं, "तुम्हीच शिकवलं." त्यावर ते न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रुपमध्ये लिहिलं. मला दाखवलं नाही, मागून कळलं. साध्या हिंदीत, तीन ओळी: गाडी विकायची आहे, अकरा देते, उन्हात ओव्हरटेकला थांबते, जीव जाता-जाता वाचला आहे. सराफ काकांनी त्यांना लगेच ग्रुपमधून काढलं. मग वेगवेगळ्या नंबरांवरून खासगीत मेसेज येऊ लागले. अंकल, मेरी भी. अंकल, आपने सही लिखा. अंकल, किसी को बताना मत कि मैंने कहा. ग्रुपमध्ये एकानंही तोंड उघडलं नाही. बाबा ते मेसेज चष्मा लावून वाचायचे आणि फोन उलटा ठेवायचे.

आमची गाडी दारात उभी राहिली. अंगावर कडुनिंबाची पानं पडून राहिली.

आणि मे महिन्यात एका रविवारी ती बँकेतली ताई विहारात आली ती त्याच मॉडेलच्या गाडीतून. रंग पांढरा. ग्रुपमधल्याच एकाची होती. त्यानं तिला सांगितलं होतं की पर्चेवाल्यांचा पीसच खराब निघाला, माझी मक्खन आहे. तिनं मला हे जरा ओशाळून सांगितलं. म्हणाली, "अगं, त्यांनी इतकं स्पष्ट सांगितलं की काकांची खराब आहे, म्हणून मला वाटलं माणूस खरं बोलतोय." मला तिला हलवून विचारावंसं वाटलं, एकाच साच्यातून निघालेल्या गाड्यांतली एक शहाणी आणि एक वेडी कशी असेल? पण आमचंच खरं बोलणं त्यानं वापरलं होतं. आम्ही आमच्या गाडीला नावं ठेवली आणि त्याची विकली गेली.

वंदना झाल्यावर बाबा सरळ तिच्या गाडीपाशी गेले. ती आत बसली होती. ते वाकून म्हणाले, "शहपुऱ्याहून ऊन असतानाच परत येतेस ना?"

ती म्हणाली, "एसी बंद ठेवते काका. परवापासून."

"परवा काय झालं?"

तिनं आजूबाजूला पाहिलं. विहाराच्या पायऱ्यांवर माणसं होती, चपला शोधत होती, हसत होती. तिनं पलीकडचं दार उघडलं. बाबा आत बसले. दार लागलं आणि चारही काचा वर गेल्या.

आई आणि मी बाहेर उन्हात उभ्या होतो. आतलं ऐकू येत नव्हतं, दिसत होतं. बाबा हातानं दाखवत होते: इथं चढ आहे, इथं वळण, इथं ट्रकच्या मागंच राहायचं, काही झालं तरी मागंच राहायचं. ती मान हलवत होती. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता, बाबांचा सदरा पाठीला चिकटला होता. एसी लावायचा नाही, कारण गाडीची भीती. काच खाली करायची नाही, कारण माणसांची भीती.

आईनं पुढं होऊन काचेवर टकटक केली.

"अहो, काच तरी खाली करा. उकडून मराल दोघं."

दोघांनी आईकडे पाहिलं. बाबांनी हातानंच खूण केली, थांब. आणि पुन्हा बोलायला लागले.